रिंगखालचे थोर: सेंटरांच्या क्रमवारीकडे कसे पाहावे

बास्केटबॉल मराठी वाचकांना अनोळखी नाही. शाळा-कॉलेजांच्या सिमेंटच्या मैदानांवर तो पिढ्यानपिढ्या खेळला जातो, आणि मुंबईच्या नागपाड्यात तर तो वस्तीच्या ओळखीचाच भाग आहे. तरीही या खेळाचा इतिहास आपल्याकडे फारसा वाचला जात नाही. सामन्याचा निकाल कळतो, दोन-चार खेळाडूंची नावे कानावर असतात. पण ज्या वादांत या खेळाचे जाणकार वर्षानुवर्षे रमतात, ते आपल्यापर्यंत क्वचितच पोचतात. त्यांतला सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत सकस वाद थोर सेंटरांच्या क्रमवारीचा. बिल रसेल मोठा की विल्ट चेंबरलेन? करीम अब्दुल-जब्बारला या दोघांच्याही वर ठेवायचे का? हकीम ओलाजुवॉन आणि शकील ओनील यांच्यात वरचढ कोण? आणि आज ऐन बहरात असलेल्या निकोला योकिचला या मंडळींत कुठे जागा द्यायची?

'कोण श्रेष्ठ' या प्रश्नाला पक्के उत्तर नसते, मग त्यात वेळ कशाला घालवायचा, अशी शंका काही वाचकांच्या मनात येईल. ती रास्त आहे. पण गावसकर आणि तेंडुलकर यांची तुलना करताना आपल्याकडचा जाणता रसिक धावांच्या बेरजेवर थांबत नाही, हेही आठवून पाहा. समोर गोलंदाज कोण होते, खेळपट्टी कशी होती, डोक्यावर हेल्मेट होते की नव्हते, दुसऱ्या टोकाला साथ कोणाची होती, हे सगळे तो विचारतो, आणि विचारता विचारता त्याला क्रिकेटचा पन्नास वर्षांचा इतिहास पाठ होतो. सेंटरांच्या वादातही हेच घडते. किंबहुना इथे ते अधिक घडते, कारण बास्केटबॉलचे नियम ज्या खेळाडूला आवर घालण्यासाठी पुन्हा पुन्हा बदलले गेले, तो खेळाडू म्हणजे सेंटर. दुसऱ्या कोणत्याही जागेवरच्या खेळाडूंनी नियम करणाऱ्यांची अशी झोप उडवलेली नाही. म्हणून या क्रमवारीचा अभ्यास म्हणजे खेळाच्या घडणीचाच अभ्यास ठरतो, आणि नवख्या वाचकाला आत शिरायला याहून चांगला दरवाजा मला माहीत नाही.

थोडी पार्श्वभूमी आधी. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड इथे हा खेळ बेतला तेव्हा रिंग जमिनीपासून १० फूट उंचीवर बसवली, आणि ती आजही तिथेच आहे. सुरुवातीच्या काळात प्रत्येक बास्केटनंतर चेंडू मैदानाच्या मध्यावर आणून उंच उडवत आणि दोन्ही संघांचे सेंटर त्यासाठी उडी घेत. ज्याचा सेंटर उंच त्याच्याकडे चेंडू पुन्हा पुन्हा यायचा. अमेरिकेत १९३७ मध्ये ही प्रत्येक बास्केटनंतरची उडी बंद झाली, आणि सेंटरचे काम मैदानाच्या मध्यावरून सरकून रिंगच्या आसपास आले. रिंगकडे पाठ करून चेंडू घ्यायचा, वळून टाकायचा, हुकलेला चेंडू बोर्डवरून परत मिळवायचा आणि प्रतिस्पर्ध्याला आपल्या रिंगजवळ फिरकू द्यायचे नाही: सेंटरचे काम म्हणून पुढची सहा-सात दशके जे ओळखले गेले, ते हे.

या कामाला पहिले मोठे रूप दिले जॉर्ज मायकनने. ६ फूट १० इंच उंचीचा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा हा मुलगा शिकागोच्या डिपॉल विद्यापीठात आला तेव्हा इतक्या उंच माणसाला चपळाईने खेळता येत नाही असा सार्वत्रिक समज होता. त्याचे प्रशिक्षक रे मेयर यांनी त्याला दोरीच्या उड्या मारायला लावले, मुष्टियुद्धाचा सराव दिला, नृत्याचे धडे घ्यायला लावले. रिंगच्या एका बाजूने उजव्या हाताने आणि लगेच दुसऱ्या बाजूने डाव्या हाताने चेंडू टाकत राहण्याचा त्याचा सराव आज जगभर 'मायकन ड्रिल' म्हणून शिकवला जातो. तुम्ही शाळेत बास्केटबॉल खेळला असाल, तर नाव न कळताही हा सराव तुमच्याकडून करून घेतला गेला असण्याची शक्यता बरीच आहे. मायकन आणि त्याचा समकालीन बॉब कर्लंड रिंगवर येणारे चेंडू वरच्या वर झेलून टाकत, म्हणून १९४४ मध्ये अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलने खाली उतरणाऱ्या चेंडूला बचाव करणाऱ्याने हात लावण्यास बंदी केली. पुढे मायकन व्यावसायिक झाला, मिनियापोलिस लेकर्सला एकामागून एक विजेतेपदे मिळवून देऊ लागला, तेव्हा १९५१ मध्ये एनबीए या अमेरिकेतल्या मुख्य व्यावसायिक लीगने रिंगपुढची पट्टी, म्हणजे खेळाडू जिला पेंट म्हणतात ती, ६ फुटांवरून १२ फूट रुंद केली. आक्रमण करणाऱ्याला या पट्टीत तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही. पट्टी रुंदावली की सेंटर रिंगपासून दूर ढकलला जातो.

मायकनला रोखण्याचा आणखी एक मार्ग होता: त्याच्या हाती चेंडू लागूच द्यायचा नाही. २२ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन पिस्टन्सने चेंडू नुसता धरून ठेवत लेकर्सला १९–१८ असे हरवले. एनबीएच्या इतिहासातला हा सर्वांत कमी गुणांचा सामना. लेकर्सच्या १८ पैकी १५ गुण एकट्या मायकनचे. असे सामने पाहायला प्रेक्षक येणार नाहीत हे उघड होते, आणि १९५४ मध्ये २४ सेकंदांचे शॉट क्लॉक, म्हणजे तेवढ्या वेळात शॉट घेण्याची सक्ती, आले, त्यामागे अशा रटाळ सामन्यांचा मोठा वाटा होता. आजच्या यादीत मायकन पहिल्या पाचांत क्वचित दिसतो. त्याच्या काळात स्पर्धा अपुरी होती, कृष्णवर्णीय खेळाडूंना एनबीएचे दार १९५० पर्यंत बंद होते, हे आक्षेप खरे आहेत. पण आपल्या काळावर इतका ठसा उमटवणाऱ्याला यादीच्या तळटीपेत ढकलणे मला मान्य नाही.

यानंतर वाचकांनी थोडे थांबून वाचावे असा भाग येतो. रसेल आणि चेंबरलेन यांचा वाद हा या क्षेत्राचा गाभा आहे. पुढचे सगळे वाद त्याचीच रूपे आहेत.

आधी आकडे पाहू. १९६१-६२ च्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले आणि २५.७ रीबाउंड (हुकलेल्या शॉटचे परत मिळवलेले चेंडू) घेतले. सामना ४८ मिनिटांचा असतो; विल्टची सरासरी ४८.५ मिनिटांची होती, कारण जादा वेळेत गेलेल्या सामन्यांतही तो मैदान सोडत नसे. त्याच हंगामात, २ मार्च १९६२ रोजी, पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी या गावी ४,१२४ प्रेक्षकांसमोर त्याने न्यूयॉर्क निक्सविरुद्ध १०० गुण केले. फ्री थ्रोच्या बाबतीत कायम अडखळणाऱ्या या माणसाने त्या रात्री ३२ पैकी २८ फ्री थ्रो रिंगमध्ये घातले. सामन्याचे चित्रीकरण उपलब्ध नाही. हाती आहे ते अखेरच्या चतुर्थांशाचे रेडिओ समालोचन. आणि त्या हंगामाचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मौल्यवान खेळाडू, कोण ठरला? बिल रसेल. त्या काळी हे मतदान खुद्द खेळाडू करत. विल्टचा मारा ज्यांनी अंगावर झेलला, त्यांनीच रसेलला निवडले.

असे का व्हावे? रसेलची कारकिर्दीतली सरासरी १५.१ गुणांची. त्याचे निम्म्याहून अधिक शॉट हुकत. पण बोस्टन सेल्टिक्सने त्याच्या १३ हंगामांत ११ विजेतेपदे जिंकली, त्यांतली १९५९ ते १९६६ मधली आठ सलग. शेवटच्या दोन विजेतेपदांच्या वेळी तो खेळाडूही होता आणि प्रशिक्षकही. एनबीएमधला पहिला कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. रसेल ब्लॉक करताना चेंडू प्रेक्षकांत भिरकावत नसे. तो अलगद टोलवून आपल्याच सोबत्याच्या हाती जाईल असे पाहत असे, आणि तिथून सेल्टिक्सचे जलद आक्रमण सुरू होई. एका ब्लॉकमधून प्रतिस्पर्ध्याचे दोन गुण वाचत आणि आपले दोन सुरू होत. पण ब्लॉकची अधिकृत नोंद एनबीएने १९७३-७४ पासून ठेवायला सुरुवात केली. रसेल १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे ज्या गुणासाठी तो थोर ठरतो, त्याचा आकडाच कागदावर नाही. आकड्यांवरून क्रमवारी लावू पाहणाऱ्या प्रत्येक नव्या अभ्यासकाने इथे क्षणभर थबकायला हवे.

दोघे एकमेकांसमोर १४० हून अधिक सामन्यांत आले. विल्टने या सामन्यांत रसेलच्या जवळपास दुप्पट गुण केले, आणि जिंकले बहुतेक वेळा रसेलचे संघ. प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, आठ मालिकांत गाठ पडली. सात रसेलच्या संघाने घेतल्या. विल्टला कमी लेखणारे इथेच वाद मिटवतात. मी वाचकांना आणखी एक पायरी खाली उतरायला सांगेन. त्या आठांपैकी चार मालिका सातव्या सामन्यापर्यंत गेल्या: १९६२, १९६५, १९६८ आणि १९६९. सेल्टिक्सने ते चारही सामने जिंकले, पण चारही सामन्यांतला फरक एकत्र केला तर तो भरतो अवघा ९ गुण. १९६५ च्या त्या सामन्यात शेवटच्या क्षणी रसेलने आत टाकलेला चेंडू बोर्डला आधार देणाऱ्या तारेवर आदळला आणि विल्टच्या संघाला जिंकण्याची संधी मिळाली; जॉन हॅवलिचेकने पास तोडला म्हणून सेल्टिक्स वाचले. १९६९ मध्ये गुडघा दुखावलेला विल्ट अखेरची मिनिटे बाकावर बसून होता आणि प्रशिक्षकाने त्याला परत आत पाठवले नाही. अकरा विरुद्ध दोन हा विजेतेपदांचा हिशेब खरा आहे, पण तो अशा काही क्षणांवर तोलला गेला आहे.

शिवाय विल्ट एकच नव्हता. १९६६-६७ मध्ये फिलाडेल्फियाचे प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या सांगण्यावरून त्याने गुण करण्याची हौस आवरली, सरासरी २४.१ वर आणली, सोबत्यांना पास देऊ लागला, आणि त्या संघाने ८१ पैकी ६८ सामने जिंकून सेल्टिक्सची सलग विजेतेपदांची साखळी तोडली. पुढच्या हंगामात तर एकूण असिस्टमध्ये, म्हणजे सोबत्याला बास्केट मिळवून देणाऱ्या पासांत, तो साऱ्या एनबीएत पहिला आला. सेंटरने हे करावे याची तेव्हा कोणी कल्पनाही केली नव्हती. हा दुसरा विल्ट पहिल्यापासूनच मैदानात उतरला असता तर, हा प्रश्न मला आजही सोडत नाही. तरी दोघांत एकाला निवडायचे झाले तर मी रसेलला निवडतो. कारण विल्टला जी गोष्ट कारकिर्दीच्या मध्यावर उमगली, ती रसेलने सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉलेज संघात असतानाच अंगी बाणवली होती.

या दोघांच्या काळाचे आकडे वाचताना खेळाचा वेगही लक्षात ठेवा. १९६२ च्या सुमारास एक संघ सामन्यात शंभराहून अधिक शॉट घेई. आज हा आकडा नव्वदच्या घरात असतो. शॉट अधिक आणि हुकणारेही अधिक, म्हणजे बोर्डवरून परतणारे चेंडूही अधिक. विल्टच्या नावावरचे एका सामन्यातले ५५ रीबाउंड, तेही रसेलच्याच संघाविरुद्ध घेतलेले, या पार्श्वभूमीवर वाचले की अचंबा कमी होत नाही, पण तो योग्य मापाचा होतो. एनबीएने १९६४ मध्ये पट्टी पुन्हा रुंदावली, १२ वरून १६ फूट, ती विल्टमुळे.

करीम अब्दुल-जब्बारकडे वळताना वाद थोडा शांत होतो, कारण त्याच्या बाजूने बोलणारे पुरावे सर्व प्रकारचे आहेत. न्यूयॉर्कमध्ये लू अल्सिंडर म्हणून वाढलेला हा मुलगा जॉन वुडन यांच्या हाताखाली यूसीएलएकडून खेळला आणि १९६७ ते १९६९ असा सलग तीन वर्षे कॉलेज विजेता ठरला. १९६७ मध्ये कॉलेज बास्केटबॉलने डंकवरच, म्हणजे चेंडू वरून रिंगमध्ये कोंबण्यावरच, बंदी आणली. ती त्याच्यामुळेच आली असे तेव्हापासून मानले जाते. या बंदीने त्याचे एक हत्यार काढून घेतले आणि दुसऱ्याला धार आणली: स्काय हूक. प्रतिस्पर्ध्याकडे खांदा करून, हात पूर्ण ताठ उंचावून, मनगटाच्या शेवटच्या वळणाने सोडलेला हा शॉट अडवायला हात पोचत नसे, कारण मध्ये करीमचे अख्खे शरीर असे. त्या एका शॉटवर तो २० हंगाम खेळला. सहा एमव्हीपी, सहा विजेतेपदे, ३८,३८७ गुण. गुणांचा विक्रम ५ एप्रिल १९८४ रोजी विल्टकडून त्याच्याकडे आला आणि ७ फेब्रुवारी २०२३ पर्यंत त्याच्याच नावावर राहिला.

करीमची मोजदाद करताना मला एक मालिका निर्णायक वाटते. १९८५ ची अंतिम मालिका, लेकर्स विरुद्ध सेल्टिक्स. पहिला सामना लेकर्सने १४८–११४ असा गमावला, आणि ३८ वर्षांच्या करीमला तीन रीबाउंड मिळाले. आता हा संपला, असे उघड बोलले जाऊ लागले. दुसऱ्या सामन्यात त्याने ३० गुण केले, १७ रीबाउंड घेतले, ८ असिस्ट दिले. लेकर्सने मालिका जिंकली आणि तो अंतिम मालिकेचा एमव्हीपी ठरला. हाच मान त्याला पहिल्यांदा मिळाला होता १९७१ मध्ये, मिलवॉकी बक्सकडून. मध्ये १४ वर्षे गेली होती. त्याच्या विरोधात सांगितले जाते ते असे की, मॅजिक जॉन्सन येईपर्यंत लेकर्सकडून त्याला एकही विजेतेपद मिळाले नाही, आणि १९७७ मध्ये बिल वॉल्टनच्या पोर्टलंडने त्याच्या संघाला चार सामन्यांत गुंडाळले. दोन्ही गोष्टी खऱ्या. पण त्या वर्षांत तो कमी पडल्याचे मला कुठे दिसत नाही. त्याच्या भोवतालचा संघ तोकडा होता.

वॉल्टन स्वतः या यादीतला चुटपुट लावणारा माणूस. पासिंग, रीबाउंड, बचाव, सारे होते. पायांची हाडे साथ देईनात आणि १४ वर्षांच्या काळात जेमतेम ४६८ सामने खेळून तो थांबला. मोझेस मलोन त्याच्या उलट: शाळेतून थेट व्यावसायिक झालेला, आक्रमणातल्या रीबाउंडसाठी अथक झटणारा, तीन वेळा एमव्हीपी. या दोघांना एकाच यादीत कसे बसवायचे हे ठरवताना तुम्हाला स्वतःचा निकष कळून येतो. शिखर किती उंच होते याला तुम्ही महत्त्व देता, की त्या उंचीवर माणूस किती वर्षे टिकला याला?

हकीम ओलाजुवॉनची गोष्ट मी प्रत्येक नव्या वाचकाला आवर्जून सांगतो. लागोसमध्ये तो फुटबॉलचा गोलरक्षक होता, हँडबॉल खेळायचा. बास्केटबॉल हाती आला तो शाळेच्या अखेरच्या वर्षांत. त्या दोन खेळांनी त्याच्या पावलांना जे शिकवले ते अमेरिकेतल्या कोणत्याही सेंटरला ठाऊक नव्हते. डावीकडे झुकल्याचे दाखवून उजवीकडे वळायचे, प्रतिस्पर्धी सावरला की पुन्हा डावीकडे. या हुलकावणीला 'ड्रीम शेक' म्हणतात. १९९३-९४ मध्ये एमव्हीपी, सर्वोत्तम बचावपटू आणि अंतिम मालिकेचा एमव्हीपी हे तिन्ही मान त्याने एकाच हंगामात मिळवले. ते आजवर दुसऱ्या कोणालाही जमलेले नाही. पुढच्या वर्षी सॅन अँटोनियोच्या डेव्हिड रॉबिन्सनला एमव्हीपीचा चषक हकीमच्या डोळ्यांदेखत देण्यात आला आणि त्याच सामन्यात त्याने ४१ गुण केले. ती मालिका संपली तेव्हा त्याची सरासरी ३५ च्या वर होती. मग अंतिम मालिकेत तरुण शकील ओनीलचा ऑर्लँडो संघ हकीमच्या संघाकडून ४–० असा हरला. मायकेल जॉर्डन त्या काळात बराचसा मैदानाबाहेर होता म्हणून हकीमच्या संघाची १९९४ आणि १९९५ ची विजेतेपदे हलकी, असे म्हणणारे आहेत. पण हकीमने रोखायचे होते ते पॅट्रिक युइंगला, रॉबिन्सनला, शकीलला. सेंटरची परीक्षा सेंटरपुढे होते, आणि त्या दोन वर्षांत त्याने ती दिली.

शकीलबद्दल थोडक्यात. २००० च्या अंतिम मालिकेत त्याची सरासरी ३८ गुण आणि १६.७ रीबाउंडची होती, आणि २००० ते २००२ या तिन्ही अंतिम मालिकांचा एमव्हीपी तोच. इतक्या वजनाचा माणूस इतक्या चपळाईने वळताना खेळाने पाहिलेला नव्हता. २००१-०२ पासून एनबीएने झोन पद्धतीच्या बचावाला मोकळीक दिली, ती रिंगखालची त्याची मक्तेदारी लक्षात घेता अनेकांना अर्थपूर्ण वाटते. फ्री थ्रोतली ५२.७ टक्क्यांची कामगिरी त्याची खरी उणीव होती; प्रतिस्पर्धी मुद्दाम फाउल करून तिचा फायदा उठवत.

या वादाचा एक दोष वाचकांनी ध्यानात ठेवावा: तो जवळजवळ पूर्णपणे एनबीएभोवती फिरतो. लिथुआनियाच्या आर्विदास सबोनिसने १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, पण पोर्टलंडला तो आला तिशी गाठल्यावर, दुखापतींनी जायबंदी होऊन. लॅटव्हियाची उल्याना सेम्योनोवा, सुमारे ७ फूट उंचीची, १९७६ आणि १९८० ची ऑलिंपिक विजेती, सोव्हिएत राष्ट्रीय संघाकडून अधिकृत स्पर्धांत एकही सामना हरली नाही. रसेलच्या विजेतेपदांचे दाखले देणाऱ्यांना तिचे नाव सुचू नये हे मला खटकते. आपला यातला धागा बारीक आहे, पण आहे: पंजाबचा सतनाम सिंग २०१५ मध्ये ५२ व्या क्रमांकावर एनबीएत निवडला गेलेला पहिला भारतीय, तोही सेंटरच. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने झाले, तेव्हा मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवे यांच्या मालकीच्या सॅक्रामेंटो किंग्जसमोर इंडियाना पेसर्सचा संघ होता, आणि त्या संघात सबोनिसचा मुलगा डोमांतास होता.

मग सुरुवात कुठून करावी? चित्रीकरण पाहूनच करावी, आणि शेवटाकडून मागे यावे असे मी सुचवतो. आधी योकिच पाहा. एनबीएच्या अंतिम मालिकेचे सामने आपल्याकडे सकाळी दिसतात, त्यामुळे जागरणही नाही. मग हकीम आणि रॉबिन्सन यांची १९९५ ची मालिका, मग करीमचा १९८५ चा दुसरा सामना, आणि सरतेशेवटी रसेल-विल्टचे जे तुकडे मिळतील ते. पाहताना चेंडूवरून नजर काढा. सेंटरच्या पावलांवर ठेवा: चेंडू येण्याआधी तो जागा कशी धरतो, बचावात तो उडी मारत नाही तेव्हाही समोरचा खेळाडू रिंगकडे जाण्याचा विचार कसा सोडून देतो. हे न घडलेले शॉट कुठल्याही तक्त्यात नसतात. आकडे त्यानंतर उघडा, आणि कोणता आकडा कोणत्या वर्षापासून नोंदला जाऊ लागला हे आधी तपासा.

यादीची चौकटच आता हलते आहे, हेही सांगायला हवे. ऑल-स्टार सामन्याच्या मतपत्रिकेतून सेंटर ही वेगळी जागा २०१२-१३ मध्ये गेली. वर्षाचे सर्वोत्तम संघ निवडतानाही २०२३-२४ पासून जागांची अट उरलेली नाही. टिम डंकन हा सेंटर होता की फॉरवर्ड, हा वाद तर त्याच्या निवृत्तीनंतरही चालू आहे. मी त्याला बाहेर ठेवतो, कारण त्याच्या बहराच्या काळात त्याची निवड फॉरवर्ड म्हणूनच झाली. कोणी त्याला आत घेतले तर तो पहिल्या पाचांत येणारच, एवढा तो मोठा आहे.

माझा क्रम असा: करीम, रसेल, विल्ट, हकीम, शकील. करीम पहिला, कारण शिखर आणि टिकाव या दोन्ही निकषांवर तो कुठेच फारसा खाली येत नाही. हकीमला शकीलच्या वर ठेवण्याचे कारण बचाव; ३,८३० ब्लॉकचा त्याचा विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. योकिचसाठी सध्या मी जागा मोकळी ठेवली आहे. २०१४ मध्ये ४१ व्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या या सर्बियन सेंटरने २०२३ च्या प्लेऑफमध्ये एकूण गुण, रीबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत पहिला क्रमांक मिळवून डेन्व्हरला विजेतेपद दिले. एकाच प्लेऑफमध्ये हे तिन्ही कोणीच साधले नव्हते. २०२४-२५ च्या हंगामात त्याची सरासरी गुण, रीबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दहाच्या वर होती. वाचकांनी शकीलचे नाव खोडून तिथे त्याचे लिहिले तर मी फार वेळ भांडणार नाही. हकीमचे खोडले, तर मात्र रिंगजवळच्या बचावाबद्दल आपल्याला सविस्तर बोलावे लागेल.